कॅनडात ओंटारियोत लेकजवळ जागा घेतली आहे, १६ बाय २० फुटांचं लॉग केबिन (ओंडक्यांचं छोटं घर) स्वतः बांधायचंय, वर झोपायला माळा हवा. सुरुवात कुठून करू? एकट्याने होईल का?

होईल, पण आधी ओंडके बघायला जाऊ नका, आधी टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या ऑफिसला फोन करा. १५ चौरस मीटरपर्यंतच्या शेडला परमिट लागत नाही असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच, ती सूट फक्त सामान ठेवायच्या, बिना-प्लंबिंगच्या शेडला आहे, माणूस झोपणार म्हटल्यावर ती संपली, आणि तसंही तुमचं १६ बाय २० फूट म्हणजे साधारण ३० चौरस मीटर, त्याच्या दुप्पट होतंय. पाण्यापासून किती अंतर सोडायचं, सेप्टिकचं काय, माळ्यावर शिडी चालेल की जिना लागेल, हे सगळं तिथेच विचारून घ्या. छपरासाठी इंजिनिअरचा शिक्का मागू शकतात, त्याचे पैसे बजेटमध्ये धरूनच ठेवा.

पाया: दक्षिण ओंटारियोत थंडीत जमीन साधारण ४ फुटांपर्यंत गोठते आणि गोठली की फुगून वर उचलते, त्यामुळे पाया त्याच्या खाली गेलाच पाहिजे, उत्तरेकडे असाल तर अजून खोल. सगळ्यात खालचा ओंडका जमिनीपासून निदान दीड फूट वर ठेवा आणि वळचण ३ फूट बाहेर काढा. लाकूड कुजतं ते पावसाच्या आणि बर्फाच्या उडणाऱ्या पाण्याने, नंतर कितीही भारी स्टेन लावला तरी आखूड वळचणीची भरपाई होत नाही.

लाकूड व्हाइट पाइन किंवा सीडर घ्या, हिवाळ्यात तोडलेलं. वसंतात साल सोलायला घेतली की ड्रॉ नाईफखाली (दोन मुठींचा, आपल्याकडे ओढायचा सुरा) लांब लांब पट्ट्या निघतात, तेच लाकूड उशिरा घेतलंत तर साल चिकटून बसते आणि खांदे भरून येतात. (मे-जूनमध्ये काळ्या माश्या फोडून काढतात, जाळीची टोपी आधीच घेऊन ठेवा.)

आता मुख्य गोष्ट, आणि ती तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीये म्हणून जरा लांबण लावतो. ओंडक्यांची भिंत खाली बसते. लाकूड वाळताना जाडीत आकसतं, लांबीत जवळपास नाही, आणि भिंत म्हणजे आडव्या जाड्यांचीच चवड. कच्च्या ओंडक्यांना फुटामागे पाऊण इंच धरतात, म्हणजे ८ फुटांची भिंत काही वर्षांत ६ इंच खाली! त्यामुळे ४ फुटी खिडकीच्या डोक्यावर ३ इंचांची फट सोडायची, त्यात लोकर भरायची आणि वरून पट्टी मारायची ती फक्त वरच्या ओंडक्याला, खाली चौकटीला खिळा नाही. चौकटही ओंडक्यांना थेट ठोकायची नाही, ओंडक्यांच्या टोकांना उभी खाच पाडून त्यात पट्टी बसवतात, भिंत त्या पट्टीवरून सरकत खाली येते. ठोकलीत तर भिंत चौकटीवर लटकते आणि वरच्या थरांत फटी पडतात.

माळ्याची खरी गंमत इथेच आहे. माळ्याच्या तुळया दोन्ही बाजूंना भिंतीत आणि मध्ये आधाराला एक खांब, बरोबर? भिंत बसणार, खांब उभा लाकूड असल्यामुळे बसणार नाही. मग माळ्याची जमीन मध्ये उंटासारखी वर येते. माझ्या केबिनमध्ये खांबाच्या पायथ्याशी स्क्रू जॅक आहे, जाड आटे असलेला लोखंडी दांडा, वर-खाली पत्रा आणि मध्ये मोठा नट. पहिली काही वर्षं अधूनमधून पाना लावून थोडा थोडा खाली घ्यायचा, किती घ्यायचा ते भिंतीवर पेन्सिलने केलेल्या खुणेवरून कळतं. जॅक झाकायला डबा केलात तर तो उघडता येईल असा करा. शिडी वर टांगती ठेवा, खालचं टोक मोकळं. माळ्याखाली बाथरूमची भिंत असेल तर तिच्या डोक्यावरही फट हवी. शेगडीचं धुराडं जिथून छपरातून जातं तिथेही तेच, छप्पर खाली येतं, पाइप नाही, म्हणून पाइपचा एक तुकडा दुसऱ्यात सरकणारा घ्या.

छपराबद्दल: माळा अर्ध्याच भागावर ठेवा, नाहीतर खाली गुदमरल्यासारखं होतं. पण मग उघड्या अर्ध्या भागात भिंतींना बांधून धरणारी तुळई नसते आणि बर्फाचं वजन आलं की वासे भिंतींना बाहेर ढकलतात. म्हणून आढं नुसतं वासे टेकवायला नको, भार पेलणारं हवं, आणि त्याचे दोन्ही टोकांचे खांब आखूड भिंतींच्या माथ्यावरच उभे करा, म्हणजे आढं आणि भिंती एकत्र खाली येतात, छपराचा उतार बदलत नाही. १६ फूट रुंदीला ४५ अंशाचा उतार घेतलात तर आढं भिंतीच्या माथ्यापासून ८ फूट वर जातं. माळ्याच्या जमिनीच्या वर ओंडक्यांचे अजून दोन-तीन थर घ्या, कडेला झोपलेला माणूस उठून बसताना डोकं आपटत नाही.

माळ्यावर उघडणारी खिडकी पाहिजेच, अंग बाहेर निघेल एवढी. शेगडीची सगळी ऊब वर जाते, जानेवारीत खाली स्वेटर आणि वर नुसती चादर अशी अवस्था असते, आणि आग लागली तर शिडीने उतरणं विसरा. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वरही लावा.

एकट्याने होईल का तर, १२ इंच जाड, २० फूट लांब ओला पाइन साधारण अडीचशे किलो भरतो, आणि भिंती, तुळया, आढं धरून असे पन्नास-साठ लागतील. चेन ब्लॉक (साखळीची वजन उचलायची कप्पी) आणि भिंतीला तिरपे टेकवलेले दोन सोट यांवर एकटा माणूस भिंत चढवू शकतो, हळूहळू. आढं चढवायच्या दिवशी मात्र क्रेनवाला बोलवा आणि त्या दिवशी आढ्याखाली कोणी पाहुणे उभे राहू देऊ नका.