व्यवसाय अभ्यासक्रम उपयोगी आहे का, हे रोजगाराच्या आकडेवारीवरून ठरवता येतं का?

येतं, पण ‘इतक्या टक्के मुलांना नोकरी लागली’ एवढ्या एका आकड्यावरून नाही. वेल्डिंग शिकून दुकानात काउंटर सांभाळणारा मुलगाही त्या टक्केवारीत धरलेला असतो. नोकरी शिकलेल्याच कामात आहे का आणि वर्षभरानंतर टिकली का, हे आधी विचारा.

खरी कसोटी कमाईची, आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. बरेच प्रौढ विद्यार्थी नोकरी गेली किंवा काम कमी झालं म्हणूनच शिकायला येतात. प्रवेशाआधीच्या वर्षात त्यांची कमाई घसरलेली असते. त्या खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली, तर कुठलाही कोर्स फायद्याचा दिसेल, कारण न शिकताही ती थोडी सावरलीच असती. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७८ साली हे नेमकं दाखवून दिलं. म्हणून आधीची काही वर्षं बघा, आणि तशाच वयाच्या, तशाच कमाईच्या पण कोर्स न केलेल्या लोकांशी तुलना करा.

नोंदी कुठून आल्यात तेही तपासा. अमेरिकेत बेरोजगारी विम्यासाठी मालक दर तिमाहीला पगाराची माहिती देतात, तीच वापरली जाते. त्यात स्वतःचा धंदा करणारे येत नाहीत. म्हणजे स्वतंत्र कामं घेणारा, व्यवस्थित कमावणारा प्लंबर तिथे शून्य कमाईचा दिसतो! बहुतेक राज्यांत कामाचे तासही नोंदलेले नसतात, त्यामुळे कमी दर आणि कमी तास यांतला फरक कळत नाही.

तरीही कमाईचा आकडा हाच शेवटचा शब्द नको. बालसंगोपनासारखे कोर्स निव्वळ त्या कामात पगार कमी म्हणून बंद करणं मला तरी सरळ अन्याय वाटतो.