मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, नेमलंय. भावंडं म्हणतात आधी वाटणी करून टाक, देणी नंतर बघू. चालेल का?

नाही, आधी देणी आणि मग वाटणी. अंत्यविधीचा खर्च, कामकाजाचा खर्च, कर्जं आणि थकलेला कर मालमत्तेतून भागवल्यावर जे उरेल तेच वारसांचं. मृत्युपत्रांच्या फायली हाताळणं हे माझं रोजचं काम आहे, आणि भांडणं बहुतेक वेळा याच घाईतून उभी राहतात. पैसे वाटून टाकल्यावर सावकार दारात आला, तर वारसांकडून वसुली होईपर्यंत तुमच्याच खिशाला हात लागू शकतो. इंग्लिश परंपरेच्या कायद्यांत मृत्यूपासून 1 वर्ष होईपर्यंत वाटणी करायला एक्झिक्युटर बांधील नसतो. भावंडांना हे शांतपणे सांगा.

सुरुवात अशी करा:
- मूळ मृत्युपत्र ताब्यात घ्या. त्याची टाचणीसुद्धा काढू नका. टाचणीची भोकं दिसली की सोबतचा कागद कुठे गेला, असा प्रश्न हमखास येतो.
- कपाट, लॉकर, बँक खाती, विमा, कर्जं यांची तारखेसह यादी करा.
- पैशांसाठी वेगळं खातं ठेवा, अगदी वीजबिलाचीही पावती जपा.

हे काम नाकारता येतं, पण मालमत्तेला हात लावण्याआधी. एकदा खात्यातून पैसे काढून कुणाचं देणं फेडलंत, की अंग काढून घेणं अवघड. कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागेल का, हे मात्र ठिकाणावर आणि मालमत्तेच्या प्रकारावर ठरतं. तेवढं स्थानिक वकिलाला विचारा.