क्लिपरमध्ये फाइल कॉपी करताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दुकानाच्या जुन्या क्लिपर (डॉसच्या काळातली डेटाबेसची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅममध्ये मालाचे फोटो मेमोरीडने वाचून मेमोराइटने दुसरीकडे लिहितो. प्रत्येक कॉपी एक बाइटने मोठी का होते?

उत्तर: तो बाइट म्हणजे कंट्रोल-झेड, कॅरेक्टर 26. मजकुराची फाइल इथे संपली अशी ती जुनी खूण, आणि मेमोराइट ती न विचारता चिकटवतं. फोटो बहुतेक वेळा तरीही उघडतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय क्लिपरच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे वाचलेला मजकूर ज्यात राहतो त्यात, 65,535 बाइटच मावतात. हार्बरवर (क्लिपरचे प्रोग्रॅम चालवणारा नवा, मोफत कंपायलर) असाल तर एचबी_मेमोराइट हे शेपूट लावत नाही.

प्रश्न: फाइल वाचायला एफरीडस्ट्र वापरलं, तर जेपीजीचे चारच बाइट आले. फाइल खराब आहे का?

उत्तर: फाइल ठणठणीत आहे. एफरीडस्ट्र शून्य बाइट दिसला की थांबतं. नेहमीच्या जेपीजीची सुरुवात 255, 216, 255, 224 अशी असते आणि पाचवा बाइट शून्य! त्याऐवजी शून्यावर न थांबणारं एफरीड घ्या, आणि बफरच्या (वाचलेले बाइट ज्यात भरले जातात त्या स्ट्रिंगच्या) आधी @ लावायला विसरू नका.

प्रश्न: एफरीड घेतलं, 4,096 चा बफर ठेवला. 10,000 बाइटची फाइल 12,288 ची झाली.

उत्तर: ही चूक मीही केली आहे, आणि ती झिपच्या फाइलवर. दोन फेऱ्यांत 8,192 बाइट गेले, उरले 1,808. तिसऱ्या फेरीत एफरीडने तेवढेच बफरच्या सुरुवातीला भरले. मागे आधीच्या फेरीचे 2,288 बाइट तसेच पडून होते. तुम्ही फाइलमध्ये लिहिणाऱ्या एफराइटला अख्खा बफर दिलात, त्याने अख्खा लिहिला. एफरीड किती बाइट वाचले ते सांगतं. तोच आकडा एफराइटला कंसातली तिसरी किंमत म्हणून द्या. एफराइटचं उत्तर त्याहून कमी आलं तर डिस्क भरली असं धरा आणि तिथेच थांबा. नवी फाइल बनवणारं एफक्रिएट त्याच नावाची जुनी फाइल क्षणात रिकामी करतं, म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहा. पूर्ण झाल्यावर जुनीचं नाव बदलून बाजूला ठेवा, मग नवीला खरं नाव द्या.

प्रश्न: डीबीएफची (क्लिपरच्या टेबलाच्या फाइलची) कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडतच नाही.

उत्तर: टेबलात मेमो फील्ड (लांब मजकुराचा रकाना) असेल तर तो मजकूर ठेवणारी डीबीटी फाइल मागे राहिली असणार. दोन्ही एकत्र न्या, तेही टेबल बंद करून. एनटीएक्स, म्हणजे इंडेक्सची फाइल, तिकडे नव्याने बनवता येते.