वाचकांचे प्रश्न : पासिंग संपत आलेली गाडी ठेवावी की बदलावी?

प्रश्न : मी रत्नागिरीत माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये नवी घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी आजवर ९२,००० किलोमीटर चालली असून येत्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२६ मध्ये, तिचे पासिंग (नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत) संपते. आमच्या मेकॅनिकने क्लच (१२,०००), पुढचे शॉकअब्सॉर्बर व बुश (१४,०००), एसीचा कॉम्प्रेसर (२२,०००) आणि चार टायर (२०,०००) असा ६८,००० रुपयांचा खर्च सांगितला आहे. एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी काढून टाका, आहे तशी १,१०,००० रुपयांना जाईल, असाही त्याचा सल्ला आहे. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडे मे २०१९ ची, ४८,००० किलोमीटर चाललेली गाडी ४,२५,००० रुपयांना मिळते आहे. त्यासाठी दोन लाखांचे कर्ज काढावे लागेल. रोजचा प्रवास शाळेपर्यंत नऊ किलोमीटरचा आहे. मात्र वर्षातून तीन-चार वेळा ८१ वर्षांच्या आईला घेऊन आंबा घाटातून पुण्याला जावे लागते. काय करावे?

उत्तर : आपल्या मेकॅनिकने दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाशेजारी ठेवला आणि तिथेच हिशेब संपवला. बहुतेक जण असाच हिशेब करतात, पण तो अपुरा आहे. ६८,००० रुपये वाचवण्यासाठी आपण ४,२५,००० रुपये खर्च करणार आहात, तेव्हा तुलना करायची ती पुढची तीन वर्षे जुनी गाडी चालवण्याच्या एकूण खर्चाची आणि तीच तीन वर्षे दुसरी गाडी चालवण्याच्या एकूण खर्चाची.

जुनी गाडी ठेवल्यास दुरुस्तीचे ६८,०००, पासिंगच्या नूतनीकरणाचे सर्व मिळून साधारण १०,०००, आणि वर्षाला १५,००० प्रमाणे किरकोळ दुरुस्ती व सर्व्हिसिंगचे ४५,००० धरावेत. आज १,१०,००० ला जाणारी गाडी तीन वर्षांनी ४०,००० ला गेली, तर त्यात ७०,००० गेले. एकूण १,९३,००० झाले. दुसऱ्या गाडीची किंमत तीन वर्षांत दीड लाखाने उतरेल असे धरू. दोन लाखांच्या कर्जावर १३ टक्के दराने तीन वर्षांत सुमारे ४२,६०० रुपये व्याज जाते. २०१९ चे टायर अजून तेच असतील तर ते वयानेच बाद झालेले असतात. ते, बॅटरी, सर्व प्रकारची ऑइले आणि नावावर करण्याचा खर्च मिळून ४०,००० लागतील. सर्व्हिसिंगचे ३०,०००, विम्याचे जादा १८,०००, आणि आपल्या ठेवीतून मोडावे लागणारे १,१५,००० बँकेतच राहिले असते तर मिळाले असते ते व्याज सुमारे २४,०००. ही बेरीज तीन लाख चार हजारांच्या पुढे जाते. म्हणजे फरक वर्षाला सदतीस हजारांचा, महिन्याला तीन हजारांहून थोडा अधिक. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत; आपण आपले घालून पाहावेत, पण उत्तराची दिशा फारशी बदलणार नाही.

आता प्रश्न असा, की महिन्याच्या या तीन हजारांत आपल्याला मिळणार काय? याला माझ्या मते एकच वजनदार उत्तर आहे आणि ते म्हणजे सुरक्षितता. २०११ च्या आपल्या छोट्या गाडीत बहुधा एअरबॅग नसाव्यात आणि एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसावे. वयस्क आईला घेऊन घाटातून जाणाऱ्या माणसाने हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. पण कायद्याच्या तारखा नीट पाहिल्या, तर कोल्हापूरची गाडी या कसोटीला अर्धवटच उतरते. एबीएस सर्व नव्या मोटारींना १ एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. शेजारच्या आसनासाठीची एअरबॅग आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांना २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. मे २०१९ मध्ये नोंदलेली गाडी त्याआधी काही महिने बनलेली असू शकते. त्यामुळे त्या विशिष्ट मॉडेलच्या त्या विशिष्ट प्रकारात काय काय आहे हे पाहिल्याशिवाय ‘नवी म्हणजे सुरक्षित’ असे समजू नये. सुरक्षिततेसाठीच पैसे मोजायचे असतील, तर २०२२ किंवा त्यानंतर बनलेली गाडी शोधणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

कोल्हापूरच्या गाडीविषयी आणखी एक शंका मनात येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत महापूर आला, तेव्हा ही गाडी अवघी तीन महिन्यांची होती. ती पाण्यात होतीच असे मी म्हणत नाही. व्यापाऱ्यावर संशय घेण्याचेही कारण नाही. मात्र त्या भागातली त्या वर्षीची गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का, आसनांचे रूळ आणि त्यांचे स्क्रू गंजले आहेत का, स्टेपनीच्या खळग्यात आणि हेडलाइटच्या आत गाळ आहे का, हे स्वतः वाकून पाहावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी आणि विमा दाव्यांचा इतिहास मागून घ्यावा. त्या नोंदींवरूनच ४८,००० हा आकडा खरा आहे की मीटर मागे फिरवलेला आहे हेही कळते. नोंदी देण्यास टाळाटाळ झाली, तर गाडी कितीही चकाकत असली तरी परत फिरावे.

भावाबद्दलही घासाघीस करायला जागा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा भाव सांगताना मात्र अनेकांच्या डोळ्यांसमोर आधीची किंमत असते. त्याच मॉडेलची आजची शोरूम किंमत हाती ठेवूनच बोलणी करावीत.

आपल्या गाडीचा निर्णय इंजिन किंवा क्लचवर अवलंबून नसून पत्र्यावर अवलंबून आहे, आणि आपल्या पत्रात पत्र्याचा उल्लेखही नाही. ९२,००० किलोमीटर हे पेट्रोल इंजिनाला फार नव्हे. क्लच आणि शॉकअब्सॉर्बर बदलता येतात, सडलेला सांगाडा मात्र बदलता येत नाही. समुद्राची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस यांत पंधरा वर्षे काढलेली गाडी वरून रंगवलेली दिसली, तरी दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी आणि शॉकअब्सॉर्बर जिथे बोल्टने बसतो ती जागा आतून खाल्ली गेलेली असू शकते. गाडी झाडाखाली लावत असाल, तर काचेखालच्या खाचेत पाला साचून पाणी आत उतरते, हे आपण अनुभवलेच असेल. गाडी लिफ्टवर चढवून एखाद्या जाणत्या डेंटिंगवाल्याकडून स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने खालचा पत्रा ठोकून घ्यावा. आवाज टणक आला तर ठीक, भुसा पडला किंवा टोक आत गेले तर उत्तर मिळाले. हे काम आपल्या नेहमीच्या मेकॅनिकशिवाय दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे, म्हणजे दोन मते हाती येतील.

पत्रा शाबूत निघाला, तर गाडी ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. टायर आणि शॉकअब्सॉर्बर आधी बदलावेत, क्लचही पावसाळ्यापूर्वी करून घ्यावा. कॉम्प्रेसर पुढे ढकलण्याचा मोह होईल, पण कोकणच्या पावसात आतून काच धुरकटते तेव्हा एसी ही चैन राहत नाही. आपली गाडी आज मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्यांना चिरा गेल्या आहेत का तेवढे पाहून घ्यावे. नळ्या स्वस्त असतात.

पासिंगचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी होते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि खासगी मोटारीला त्याचे शुल्क ५,००० रुपये आहे; पर्यावरण कर वेगळा. एचएसआरपी (उच्च सुरक्षा क्रमांकाची) पाटी बसवलेली नसेल तर आधी ती बसवून घ्यावी, थकीत चलने भरावीत, विमा आणि पीयूसी चालू असावे. दिवाळीच्या गर्दीत जाण्यापेक्षा सप्टेंबरअखेर अर्ज करणे बरे. त्यानंतर महिन्याचे ते तीन हजार बाजूला टाकत राहिल्यास दोन-तीन वर्षांत दोन एअरबॅगची गाडी कर्जाविना किंवा अगदी थोड्या कर्जात घेता येईल.

पत्रा सडलेला निघाला, तर क्लचवर एक रुपयाही घालू नये. गाडी नोव्हेंबरच्या आत विकावी, कारण पासिंग संपल्यावर गिऱ्हाईक पडेल तो भाव मागते. भंगारात देण्याच्या योजनेतली करसवलत नव्या गाडीच्या खरेदीसाठी आहे, दुसऱ्याने वापरलेली गाडी घेताना ती उपयोगी पडत नाही. मात्र विम्यावरचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून आपला असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन तो पुढच्या गाडीला लावावा, पन्नास टक्क्यांपर्यंत साचलेला बोनस सोडून देणे परवडणारे नाही.

प्रश्न : माझी डिझेल मोटार २०१५ ची आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवता येणार नाहीत असे सांगून नाशिकमधील एक एजंट ती कमी भावात मागतो आहे. विकून टाकावी का? त्याऐवजी दिल्लीहून स्वस्तात येणारी वापरलेली गाडी तो देऊ करतो.

उत्तर : या कारणासाठी विकू नये. दहा वर्षांची ती मर्यादा राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांतून दिल्ली व राजधानी परिसरासाठी आली. महाराष्ट्रात आपल्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षे, म्हणजे २०३० पर्यंत वैध आहे. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या कार्यालयाची एनओसी आणावी लागते, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहावे लागते, महाराष्ट्रात कर नव्याने भरावा लागतो आणि एमएच क्रमांक घ्यावा लागतो. हा सारा खर्च एजंटकडून लेखी घ्यावा, किमतीत मिळवावा आणि मग नाशिकमधल्याच तशा गाडीचा भाव विचारावा.