दोन पर्याय बरोबर

‘ताई, हा रात्रभर दात खातो. तोंड येतं, एक फोड बरा होतो तोवर दुसरा तयार. डेंटिस्टकडे नेलं तर तोंड उघडत नाही आणि तुमच्याकडे आणलं तरी तेच. तीनदा आलो, तीन शब्द बोलला नाही. मुलगा सहकार्यच करत नसेल तर यायचं कशाला?’

मी मुलांची समुपदेशक. हा प्रश्न मला वर्षभरात किती आया विचारतात याचा हिशेब नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तर आठवड्यातून दोनदा तरी. इथे ज्या मुलाबद्दल लिहिते आहे त्याला ओंकार म्हणू या. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय तेरा, इयत्ता आठवी, लालबागच्या चाळीत घर. आई फोर्टला नोकरीला, बाबांची शिफ्ट ड्युटी. रात्री तो आजीशेजारी झोपतो, त्यामुळे दातांची करकर पहिल्यांदा आजीनेच ऐकली. तिचं निदान ठाम होतं: जंत.

आजीला मी खोडून काढलं नाही. जंतांचं औषध मुलांना मिळायलाच हवं, 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत ती गोळी देतातही. पण दात खाण्यामागे जंतच असतात, असं म्हणायला भक्कम आधार नाही. झोपेत दात खाणं लहान मुलांत पुष्कळ दिसतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप कमी होतं. एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत याला आजार न म्हणता जबड्याच्या स्नायूंची एक हालचाल म्हणावं, असं या विषयातल्या तज्ज्ञांनी 2018 साली एकत्र येऊन मांडलं. ती काही वेळा दातांना त्रासदायक ठरते, एवढंच. मात्र मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, सकाळी उठल्यावर डोकं किंवा जबडा दुखत असेल, तर डॉक्टरांना आणि डेंटिस्टना दाखवायला हवं. तसंच एखादा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर त्याला ताणाचं नाव देऊन घरी बसू नये.

ताणाचा तोंडाशी संबंध असतो का, असं ओंकारच्या बाबांनी फोनवर जरा शंकेनेच विचारलं होतं. त्यांना मी एक प्रयोग सांगितला. तो ऐकल्यावर मोठी माणसं गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात दंतवैद्यक शिकणाऱ्या 11 विद्यार्थ्यांनी स्वतःच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम करून घेतली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि पुन्हा सत्रातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी 40 टक्के जास्त वेळ लागला. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्याइतक्या लवकर भरली नाही. हा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. माणसं थोडी होती, हे खरं. पण तीच माणसं, तेच टाळू, तेवढीच जखम, आणि मधे फक्त परीक्षा. शिवाय परीक्षेच्या दिवसांत मुलं रात्री ब्रश न करताच झोपतात, जेवणाऐवजी बिस्किटं खातात, तेही हिरड्यांना भोगावं लागतं.

आता त्याच्या गप्प बसण्याबद्दल. पहिल्या दोन भेटींत चूक माझी होती. मी विचारत राहिले. शाळा कशी चाललीय, मित्र कोण, भीती कशाची वाटते. तो खिडकीकडे बघायचा. दादर स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा माझ्या खोलीत ऐकू येतात, त्या तो ऐकत असावा. तिसऱ्या वेळी आई बोलता बोलता म्हणून गेली की तो सहा वर्षांचा असताना एका दवाखान्यात दोघांनी हात धरून त्याची दाढ काढली होती. ‘दुखणार नाही’ असं आधी सांगितलं होतं, आणि दुखलं होतं.

त्या मुलाला मोठ्या माणसांसमोर तोंड उघडण्याचा अनुभव असा आलेला. मग तोंड दातांसाठी उघडायचं की बोलण्यासाठी, त्याच्या दृष्टीने फरक काय?

मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टरांकडून मी पुष्कळ शिकले आहे. त्यांच्याकडे 1959 पासून एक पद्धत चालत आलेली आहे: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आरसा काय करतो ते सांगायचं, तो मुलाच्या नखावर टेकवून दाखवायचा, मगच तोंडात घालायचा. जोडीला एक खूण ठरवतात. मुलाने डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. मुलाचं सहकार्य नोंदवायला 1962 पासून चार पायऱ्यांचा एक तक्ताही ते वापरतात, ठाम नकारापासून आनंदाने साथ देण्यापर्यंत. मला त्यातली आवडणारी गोष्ट ही की ही नोंद प्रत्येक भेटीची वेगळी होते. ‘हा मुलगा असहकारी’ असा शिक्का बसत नाही. ‘आज, या खुर्चीत, असा होता’, एवढंच.

समुपदेशनात आम्ही हे विसरतो. मी विसरले होते.

ओंकार आठवीच्या स्कॉलरशिपला बसणार होता. तेव्हा ती परीक्षा पाचवीला आणि आठवीला असायची. क्लासमध्ये रोज उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायचा सराव. समोर कागद असला की त्याची पेन्सिल आपोआप गोल काढायला लागायची, हे मी बघितलं होतं. चौथ्या भेटीआधी मी बारा प्रश्नांची पत्रिका बनवली, प्रत्येकाला चार पर्याय. आधी त्याला सांगितलं: ‘हे मार्कांसाठी नाही. एकही शब्द बोलायचा नाही. नको असेल तो प्रश्न सोडायचा. आणि यातलं आईला काही सांगणार नाही. तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तरच सांगेन, तेही तुला आधी सांगून.’ मग पहिला प्रश्न मी स्वतः, माझ्याबद्दल, सोडवून दाखवला. आणि पेन्सिल त्याच्याकडे सरकवली.

त्याने अकरा प्रश्न सोडवले, मान खाली घालून, गोल अगदी कडेपर्यंत भरत. सातवा होता: ‘तुला ही परीक्षा द्यायची आहे का?’ त्याने ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही गोल भरले होते. मी बोट ठेवलं, काही विचारलं नाही.

‘आठवीला काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात,’ तो म्हणाला. ‘दोन्ही भरले नाहीत तर मार्क मिळत नाही.’

खरंच तसं असायचं. आठवीच्या पेपरात जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना दोन उत्तरं असू शकायची. चार भेटींतलं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य. पुढे अर्धा तास तो बोलला. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी त्याला मनापासून आवडत होती. नको होता तो रविवारचा सराव पेपर, कारण त्या संध्याकाळी सगळ्यांचे मार्क पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायचे आणि चाळीत पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत माहीत व्हायचे.

आजीलाही मी तसेच गोल असलेला कागद दिला होता. रात्री करकर ऐकू आली तर एक गोल भरायचा. जंतांवरचा विश्वास तिने सोडला नाही, पण चौदा दिवस नेमाने नोंद केली. दोन्ही रविवार काळेकुट्ट होते.

आईशी काय बोलायचं हे ओंकारने ठरवलं, ग्रुपची गोष्ट तेवढी सांगायची. आईने क्लासला त्याचे मार्क फक्त त्यालाच द्यायला सांगितलं. क्लासवाल्या सरांनी थोडी कुरकुर केली आणि ऐकलं. आईला मी आणखी एक विनंती केली, आणि तीच तिला सर्वांत जड गेली: इथून घरी जाताना गाडीत ‘आज काय बोललास?’ हे विचारायचं नाही. भेळ खा, खिडकीबाहेर बघा, काहीही करा. आणि दिवसा अभ्यास करताना त्याने अधूनमधून स्वतःच तपासायचं: ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल. दात खाणं महिन्याभरात कमी झालं, बंद नाही झालं. फोड परीक्षेच्या आठवड्यात एकदा आलाच.

मार्चमध्ये तो डेंटिस्टकडे गेला, दुसऱ्या. त्यांना मी, त्याला विचारून, सात वर्षांपूर्वी काय झालं ते कळवलं होतं. किडलेल्या दाढेत सिमेंट भरायचं होतं. त्यांनी हाताची खूण ठरवली. काम निम्मं झालं असताना ओंकारने डावा हात वर केला. डॉक्टर लगेच थांबल्या, मशीन बंद केलं, विचारलं, दुखतंय का?

त्याने मान हलवली. ‘नाही. खरंच थांबता का ते बघितलं.’ आणि परत तोंड उघडलं.