पालखी दारावरून जाते, त्यात शिकायचं काय?

नमस्कार दादा,

तुमचं फलटणहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. लेक बीएच्या शेवटच्या वर्षाला, विषय समाजशास्त्र, आता म्हणते एमए करून वारीतल्या दिंड्यांवर संशोधन करायचंय, आणि तुमचं म्हणणं की पालखी दरवर्षी आपल्या दारावरून जाते, आमच्या आईने कितीतरी वाऱ्या केल्या, त्यात शिकायचं काय आणि त्यावर पोट कसं भरायचं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, बापाने विचारायलाच हवेत.

आधी शिकायचं काय ते सांगतो. इरावती कर्वे हे नाव लेकीला माहीत असेलच, बर्लिनला पीएचडी करून आलेली बाई, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायच्या, त्या स्वतः दिंडीत चालल्या आणि त्यावर लिहिलं. ज्या भागातले लोक पंढरपूरला चालत जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. पण त्याच लेखात हेही आहे की एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसायचे आणि ते इरावतीबाईंना फार लागलं. याला म्हणतात समाजशास्त्र. सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं तेच बघायचं, पण कोण कुठे बसलं आणि का, हे टिपून ठेवायचं.

आता विचार करा, माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, मग नंबर कसे ठरले, वीणा कोणाकडे, भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाण्याच्या वर्गणीचे, पैसे किती आणि गोळा कोण करतं, बाया जास्त असल्या तरी निर्णय कोण घेतं, टँकर आणि ट्रक आल्यापासून काय बदललं... एकेका प्रश्नावर पीएचडी होईल. जर्मनीचे अभ्यासक सोन्थायमर आधी मराठी शिकले, मग धनगरांच्या मागे वर्षानुवर्षं हिंडले. अमेरिकेतून आलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट तर सांगलीकडे कासेगावात कायमच्या राहिल्या. त्यांना जी भाषा शिकावी लागली ती तुमच्या लेकीला आयती मिळालीय, हे भांडवल छोटं नाही. पण नुसतं आपलं आहे म्हणून कळतं असंही नाही हं, घरच्या गोष्टींकडे परक्यासारखं बघायला शिकावं लागतं आणि त्यासाठीच एमए.

आता पोटाचं, इथे गोड बोलणार नाही. कॉलेजात पर्मनंट जागा कमी निघतात, कित्येक हुशार पोरं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, वर्षं काढतायत, मला ते बघवत नाही. म्हणून तिने एमएच्या दुसऱ्या वर्षातच नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची परीक्षा, द्यावी, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली आणि पीएचडीला अ‍ॅडमिशन झाली की पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये, म्हणजे तुमच्याकडे पैसे मागावे लागणार नाहीत. वयाची काळजी लिहिलीय तुम्ही, तर जेआरएफला मुलींना पाच वर्षं सवलत आहे. सोबत सेट, ही राज्याची तशीच परीक्षा, तीही द्यावी. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप प्रवर्गाप्रमाणे असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. शिवाय यूपीएससीला समाजशास्त्र ऑप्शनल घेता येतं, संस्थांच्या सर्व्हेला गावात जाऊन नीट बोलू शकणारी माणसं लागतात, ही दारंही उघडी राहतात.

एमएसाठी पुणे विद्यापीठ आहेच, मुंबईचा विभाग तर 1919 चा, तिथे मालवणचे घुर्ये शिकवायचे आणि इरावतीबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. टिस, म्हणजे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, तिच्यासाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फॉर्मची तारीख हुकवू नका. आणि इंग्रजी! या विषयातलं निम्म्याहून जास्त वाचन इंग्रजीत आहे, तेव्हा रोज दोन पानं वाचायची, डिक्शनरी घेऊन, कंटाळा आला तरी.

एक काम मात्र अ‍ॅडमिशनची वाट न बघता करायचं. गी पॉयत्व्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, त्यातल्या कितीतरी विठ्ठलाच्या, पंढरीच्या. लेकीला म्हणावं, आजीजवळ बस, फोनवर रेकॉर्डिंग लाव, वारीला कोणाबरोबर गेली, घरून परवानगी कोणी दिली, रात्री झोपली कुठे, जेवली कोणाच्या पंगतीत, सगळं विचार. मध्ये बोलायचं नाही. मग जसंच्या तसं उतरवून मला पाठव, चार पानं झाली तरी चालतील, ती वाचून पुढचं आपण फोनवर बोलू, तुम्हीही असा त्या वेळी.