‘द मेसेंजर’मधली जोन ऑफ आर्क: वेडसर दाखवली म्हणून तिचा अपमान झाला का?

लुक बेसनच्या १९९९च्या ‘द मेसेंजर’ या सिनेमात संत जोनला, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्रजांशी लढलेल्या फ्रेंच मुलीला, भ्रमिष्ट दाखवलंय, हा अपमान नाही का, असं तुम्ही विचारलंय. मला तरी त्याचा राग नाही. तेराव्या वर्षी भर दुपारी वडिलांच्या बागेत आवाज ऐकू आला, हे तिनंच तिच्यावरच्या पाखंडाच्या खटल्यात, चर्चच्या न्यायालयात सांगितलं. तो आवाज कुणाचा, यावर त्या खटल्यात, १४३१ सालीही वाद होताच.

माझं भांडण वेगळं आहे. सिनेमात इंग्रज शिपाई लहानग्या जोनच्या डोळ्यांदेखत तिच्या बहिणीला मारतात आणि प्रेताची विटंबना करतात. हे साफ रचलेलं आहे. एकदा हा प्रसंग घुसडला की पुढची सगळी लढाई सूडाची होते. मग शेवटी डस्टिन हॉफमन तिचा ‘विवेक’ बनून जाब विचारायला मोकळा! सूड हिच्या माथी मारायचा आपणच, आणि वर झापायचंही आपणच.

तलवारीचं बघा. सिनेमात ती शेतात पडलेली सापडते. खटल्याच्या नोंदीत जोन सांगते की ती फिएरबुआच्या चर्चमध्ये पुरलेली होती, गंजलेली, वर पाच क्रूस. पुढे म्हणते, तलवारीपेक्षा मला माझं निशाण चाळीसपट प्रिय. कुणाला मारायची पाळी येऊ नये म्हणून ते मीच धरायचे. ‘देवाची कृपा तुझ्यावर आहे का?’ हा न्यायाधीशांचा प्रश्न तर सरळ सापळा होता. हो म्हटलं तर पाखंड (ते माणसाला खात्रीनं कळूच शकत नाही), नाही म्हटलं तर गुन्हा कबूल. एकोणिसेक वर्षांची ती पोर म्हणाली, नसेल तर देव देवो, असेल तर देव राखो. असं आयतं हातात असताना पदरचं कशाला घालायचं?

आम्हा इंदूरकरांना हे जरा जास्तच जाणवतं. इंदूरजवळच्या उदयनगरला काम करणाऱ्या कॅथलिक नन सिस्टर राणी मारियांचा १९९५ मध्ये इंदूरला येणाऱ्या बसमधून उतरवून खून झाला. २०१७ मध्ये इथेच त्यांना ‘धन्य’ घोषित केलं (संतपदाच्या अलीकडची पायरी). त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पटकथेत लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता, फारच फिल्मी होतंय.

जोन बघायचीच असेल तर डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा १९२८चा मूकपट ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ बघा. तो खटल्याच्या नोंदींवरच उभा आहे. तरी पॅरिसच्या आर्चबिशपांनी त्याला कात्री लावायला लावली, आणि ब्रिटननं त्यावर बंदी घातली, कारण त्यात इंग्रज शिपाई जोनची टर उडवताना दिसतात.